लाट मोठी असेल तर ‘नको’ कुणी म्हणायचं?

ताई,

मी विद्यापीठाच्या कनू क्लबमध्ये आहे. यंदा सहली आखायचं काम माझ्याकडे आलंय. येत्या शनिवार-रविवारी आम्ही १६ जण समुद्रावर जातोय. शनिवारी खाडीतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने कयाकिंग (कयाक म्हणजे पॅडलने चालवायची निमुळती होडी) आणि रविवारी सर्फिंग, काहीजण कयाकमधून, काहीजण बोर्डवर. १६ पैकी ९ जण यंदाचे नवे. स्विमिंग पूल आणि संथ नदी यापलीकडे त्यांनी काही पाहिलेलं नाही. लाटांत सराईत असे तिघे सीनियर आहेत.

अंदाज सांगतोय की रविवारी २ मीटरच्या लाटा आणि ११ सेकंदांचा पीरियड, शनिवारी दुपारी जमिनीकडून समुद्राकडे वारा. नव्यांना हे जास्त होईल का, असं मी ग्रुपवर विचारलं. एका सीनियरने लिहिलं, ‘आम्ही पहिल्या वर्षी याहून मोठ्या लाटांत गेलो होतो, कुणी मेलं नाही.’ त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. गाडी ठरली आहे, राहायची जागा ठरली आहे, सगळ्यांनी पैसे भरलेत.

त्यात नव्यांपैकी एकाने मला एकटीला गाठून सांगितलं की, पूलमध्ये कयाक उलटली तेव्हा तो पाण्याखाली थिजला. स्प्रेडेक, म्हणजे कंबरेभोवतीचं पाणी अडवणारं आवरण, सोडायचं सुचलंच नाही, दुसऱ्याने ओढून काढलं. कुणाला सांगू नकोस म्हणाला. त्याला यायचंच आहे.

रद्द केलं तर सगळे चिडणार. नाही केलं आणि काही झालं तर? मी उगाच घाबरतेय का?

– कात्रीत सापडलेली


कात्रीत सापडलेल्या मुली,

उगाच घाबरत नाहीयेस. तुझ्या पत्रात लाटेचा आकडा आहे, वाऱ्याची दिशा आहे, गाडी आहे, राहायची जागा आहे. पाण्यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र पत्र पुन्हा वाचूनही सापडलं नाही. मला त्याची भीती जास्त वाटते. ‘तिघे सीनियर आहेत’ हे त्याचं उत्तर होत नाही. तिघे असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. आणि सगळ्यांना वाटतं की सहल तू आखलीस, तेव्हा काय ते तूच बघशील.

सहल आखणं आणि सहल पाण्यावर नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुझं आहे आणि ते तू नीट करते आहेस, नाहीतर अंदाजातला पीरियड कुणी वाचत बसत नाही. दुसरं काम कुणाचं, हे आज संध्याकाळपर्यंत ठरायला हवं, आणि तेही एकाच माणसाचं नाव घेऊन. तिघांपैकी ज्याने नव्यांना शिकवलंय, ज्याला लाटांत उलटलेल्या माणसाला सोडवता येतं, त्याला सरळ विचार: ‘दोन्ही दिवस पाण्यावरचा प्रमुख तू होशील का? नवे पाण्यात असतील तोवर स्वतःच्या लाटा सोडून देशील का?’ दुसरा प्रश्न मुद्दाम विचार. मजा करायला आलेला माणूस वाईट नसतो, पण त्याची नजर क्षितिजाकडे असते आणि नवा मुलगा त्याच्या पाठीमागे उलटतो. तिघांपैकी एकही ‘हो’ म्हणाला नाही, तर नव्यांची सहल या आठवड्यात होत नाही. मग लाटा गुडघ्याएवढ्या असल्या तरीही.

आता त्या सीनियरच्या वाक्याकडे येऊ. ‘कुणी मेलं नाही’ हे वाक्य नेहमी जे परत आले तेच म्हणतात, हा त्यातला पहिला घोळ. दुसरा घोळ उंचीचा. लाट किती उंच एवढ्यावरून ती किती जोराची हे कळत नाही. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत मोजतात तो पीरियड, आणि लाटेची ताकद उंचीच्या वर्गाला पीरियडने गुणलं की साधारण त्या प्रमाणात वाढते. १ मीटर आणि ६ सेकंदांची लाट घेतली तर गुणाकार ६ येतो. तुमच्या रविवारच्या २ मीटर आणि ११ सेकंदांचा येतो ४४. उंची दुप्पट, ताकद सातपट. वाऱ्याने जवळच उठवलेल्या आखूड लाटा आणि दूरच्या वादळातून शेकडो किलोमीटर चालत आलेला स्वेल ही वेगवेगळी प्रकरणं आहेत. त्यामुळे ‘याहून मोठ्या’ म्हणताना पीरियड किती होता, हे त्याला विचारायला हरकत नाही. आठवत नसेल तर त्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा ते तूच बघ.

अजून एक. समुद्राच्या अंदाजातली उंची बहुधा ‘सिग्निफिकंट’ उंची असते, म्हणजे सगळ्यांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी. काही लाटा तिच्याहून बऱ्याच मोठ्या येणार, क्वचित एखादी जवळजवळ दुप्पटही. किनाऱ्यावर दहा मिनिटं उभं राहून ‘ठीकच वाटतंय’ म्हणणाऱ्यांना त्या दिवसाचा मोठ्या लाटांचा संच बहुतेक वेळा दिसलेलाच नसतो.

नव्या माणसाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अगदी साधी आहे. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की फुटते. कंबरेपेक्षा लहान लाट फुटते तिथे उलटलेला मुलगा उभा राहतो, नाकातलं पाणी शिंकरतो, शिव्या घालतो आणि पुन्हा कयाकमध्ये बसतो. २ मीटरची लाट फुटते ती अडीच मीटर पाण्यात. तिथे पाय टेकत नाहीत आणि तो श्वास घेतो न घेतो तोच मागची लाट डोक्यावर असते. नव्यांच्या मर्यादेचा आकडा म्हणूनच ‘तू किती धीट’ यावर ठरत नाही, पाय टेकतात की नाही यावर ठरतो. माझ्या मते नव्यांसाठी किनाऱ्यावर फुटणारी लाट कंबरेच्या वर नको. तुमचा प्रमुख थोडा वेगळा आकडा सांगेल, सांगू दे. पण आकडा हवा, आणि गाडी सुटायच्या आधी लिहून ठेवलेला हवा. चार तास प्रवास करून, वेटसूट अंगात चढवून उभ्या राहिलेल्या माणसांना लाटा लहान दिसायला लागतात. पार्किंग उंचावर असेल तर आणखीच लहान.

याचा अर्थ रविवार गेला असा नाही. उघड्या समुद्राकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर २ मीटर असलेला स्वेल भूशिराला वळसा घालून आडोशाच्या उपसागरात शिरतो तेव्हा त्याचा बराच जोर गेलेला असतो. त्याच दिवशी, थोड्याच अंतरावर, कंबरेएवढ्या स्वच्छ लाटा मिळू शकतात. सीनियर मंडळींना असे दोन-तीन किनारे ठाऊक असणारच. ‘जायचं का नाही’ विचारलंस तर ते तुझ्याशी भांडतील. ‘नव्यांसाठी आडोशाचा किनारा कोणता?’ विचारलंस तर कामाला लागतील. निवडलेला किनारा तीव्र उताराचा असेल तर भरतीची वेळ मात्र टाळा. भरपूर पाण्यात लाट थेट काठावर आपटते आणि माणूस तिथल्या तिथे मान किंवा खांदा दुखावून बसतो.

पण खरं सांगू? तुझ्या पत्रातला मला खटकलेला दिवस रविवार नाही, शनिवार आहे. रविवारच्या लाटा दिसतात तरी. शनिवारी जमिनीकडून वारा सुटेल तेव्हा काठावरून समुद्र तळ्यासारखा गुळगुळीत दिसेल, कारण टेकड्यांच्या आडोशाला वारा पाण्याला लागतच नाही. नवे खुश होतील, फोटो काढतील. काठापासून थोडं आत गेलं की आडोसा संपतो, वारा पाठीवर बसतो आणि कयाक पॅडल न मारताच बाहेर जायला लागते. परत फिरायचं तर तोच वारा तोंडावर, हात दमलेले, आणि जितकं बाहेर जावं तितक्या लाटा वाढत जाणाऱ्या. सर्फिंग करणाऱ्यांना हाच वारा लाडका असतो, लाटेचा माथा तो छान उभा धरतो. म्हणून ‘वारा मस्त आहे’ असं कुणी म्हणालं, तर कशासाठी मस्त हे विचारून घे.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बे इथे नेमकं हे झालं. आठ शाळकरी मुलं, एक शिक्षक आणि साहसी खेळांच्या एका केंद्रातले दोन प्रशिक्षक, किनाऱ्याकिनाऱ्याने जेमतेम काही किलोमीटरची कयाकची फेरी. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटायला लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसऱ्याने आठ मुलांच्या कयाक एकमेकींना धरून ठेवल्या. तेवढ्यात वाऱ्याने ती जुडी बाहेर नेली आणि दोन गटांची ताटातूट झाली. कयाक पाण्याने भरल्या, मुलं कित्येक तास गार पाण्यात राहिली आणि चौघांचा जीव गेला. पुढे ते केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा संचालक सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला आणि १९९५ मध्ये तिथे अशा केंद्रांसाठी वेगळा कायदा झाला. त्या दिवशी राक्षसी लाट वगैरे काही आली नव्हती. एकजण सारखा उलटत होता, वारा जमिनीकडून होता आणि गट फुटला. तुझ्या शनिवारी यांतल्या दोन गोष्टी आधीच हजर आहेत.

तेव्हा शनिवार उलटा कर. वारा जमिनीकडून असेल तर नवे उघड्या समुद्रावर नाहीत, यात घासाघीस नको. खाडीतून बाहेर पडण्याऐवजी खाडीत वर जा, वाऱ्याला तोंड देऊन. दमल्यावर तोच वारा घराकडे ढकलेल. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही त्याच हिशोबाने लाव, वर जाताना भरतीचं पाणी, उतरताना ओहोटीचं. भरतीच्या सुमारे सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी आत येतं, ओहोटीला तेवढंच बाहेर जातं; प्रवाह तेव्हा सर्वांत जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी जोरात. ओहोटीचं पाणी खाडीच्या तोंडाशी समोरून येणाऱ्या स्वेलला भिडतं तिथे लाटा उभ्या आणि वेड्यावाकड्या होतात. म्हणून पाण्याबाहेर पडायची जागा तोंडापासून चांगली लांब, आतल्या बाजूला ठरव, आणि ती सगळ्यांना जाताना दाखव, येताना नाही.

आता तो मुलगा.

त्याने तुला सांगितलं हे चांगलं केलं, आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हे मान्य करून तू चूक करशील. त्याचं प्रेमप्रकरण असतं तर मी म्हटलं असतं की तोंड शिवून घे. पण पाण्याखाली हात चालत नाहीत, ही गोष्ट त्याच्या शेजारी तरंगणाऱ्या माणसाला ठाऊक असावीच लागते. त्याच्या पाठीमागे मात्र बोलू नकोस. आजच भेट आणि स्पष्ट सांग: ‘प्रमुखाला तू उद्यापर्यंत सांग, मी सोबत येते. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि सांगणार आहे हे तुला आधीच सांगतेय.’ तो रागावेल. एखादा दिवस रागावू दे.

थिजणं हा भित्रेपणा नाही, हेही त्याला सांग. उलटं लटकलेलं, नाकात पाणी, मांड्या अडकलेल्या, वर-खाली कळत नाही, अशात पहिल्यांदा डोकं चालत नाही ते अनेकांचं. यावर उपाय सराव, आणि तो समुद्रात करायचा नसतो. शुक्रवारच्या आत पूल मिळत असेल तर एकजण शेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहू दे, आणि याने आधी स्प्रेडेक न लावता उलटावं, मग लावून. पुढे वाकायचं, दोन्ही हातांनी कयाकच्या पोटावर तीनदा थापटायचं, हात कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या भोकाच्या, कडेने पुढे न्यायचे, स्प्रेडेकचा पट्टा पुढे ढकलून वर ओढायचा, मांड्या सैल सोडून बाहेर. थापटायचं यासाठी की तेवढा वेळ हाताला काम मिळतं आणि डोकं जागेवर येतं. पट्टा बाहेर लोंबतोय ना, हे दरवेळी पाण्यात उतरण्याआधी दुसऱ्याने पाहायचं. त्याचंच नाही, सोळाही जणांचं.

आणि सराव जमला नाही किंवा वेळच मिळाला नाही, तरी त्याला घरी बसवायची गरज नाही. शनिवारी त्याला सिट-ऑन-टॉप कयाक द्या. तिच्यात अडकायला काही नसतंच, उलटली की माणूस आपोआप बाहेर. रविवारी त्याला मऊ फोमचा सर्फबोर्ड आणि कमरेएवढं पाणी. एवढंच सांगा की पडताना सपाट पड, डोकं खाली करून सूर मारू नकोस, पाण्यातून वर येताना दोन्ही हात डोक्यावर घे आणि बोर्डला जोडलेली दोरी, म्हणजे लीश, घोट्यालाच बांध, हाताला गुंडाळू नकोस. बोर्ड कधीही आपण आणि लाट यांच्यामध्ये आडवा धरायचा नाही, तो थेट तोंडावर बसतो. माझा अंदाज असा की रविवारी संध्याकाळी सर्वांत जास्त बडबड तोच करत असेल.

लाटांत कयाक नेणाऱ्यांना प्रमुख सगळं सांगेलच, तरी एक गोष्ट तू कानावर घालून ठेव, कारण नवे ती हमखास चुकतात. कयाकमधून बाहेर पडलेल्या माणसाने कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही राहायचं नाही. पाणी भरलेली कयाक दोनशे किलोंच्या घरात जाते आणि पुढची लाट ती सरळ किनाऱ्याकडे फेकते. माणूस नेहमी समुद्राच्या बाजूला. टोकाचा दोर धरता आला तर धरायचा, नाहीतर कयाक सोडून द्यायची, ती आपोआप काठाला लागते. लाटेने कयाक आडवी केली तर अंग लाटेकडे झुकवायचं. उलट बाजूला झुकलं की पलटी ठरलेलीच. पॅडल खाली आणि कोपरं बरगड्यांजवळ, पॅडल डोक्यावर उचलून आधार घ्यायला गेलं की खांदा निखळतो. हेल्मेट सगळ्यांना, कयाकमध्ये हवेच्या पिशव्या फुगवलेल्या. बोर्डवाले आणि कयाकवाले एका जागी सोडू नका, दोघांत बऱ्यापैकी अंतर ठेवा. कयाक लाट लवकर पकडते आणि पटकन वळत नाही. बोर्डवर पालथा पडून हात मारणाऱ्याला ती दिसेपर्यंत अंगावर आलेली असते. किनाऱ्यावर जीवरक्षक असतील तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची. काळ्या-पांढऱ्या चौकटींचे झेंडे असतील ती सर्फबोर्ड आणि कयाकची. लाल झेंडा असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर क्रिकेट.

रिप करंट सगळ्यांना काठावर उभं करून, बोट दाखवून शिकवा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये एक शांत, गडद पट्टा आहे, तिथून आत जाणं सोपं वाटतं. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी तिथूनच परत जात असतं, कधी कधी सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने. उत्तम जलतरणपटूही त्याच्याविरुद्ध पोहून जिंकत नाही. सराईत लोक बाहेर जायला मुद्दाम तोच पट्टा वापरतात, आणि नवे त्यांच्या मागोमाग जातात, गंमत तिथेच होते. सापडलं तर तरंगायचं, हात वर करायचा, किनाऱ्याला समांतर सरकून फेसाळ पाण्यात यायचं. बोर्ड सोडायचा नाही.

पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर अजून थोडं. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्त गार पाण्याबद्दल १-१०-१ असा हिशोब सांगतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोक तासाची भीती बाळगतात, घात होतो तो पहिल्या मिनिटात, धाप लागून पाणी आत गेलं की. म्हणून लाइफ जॅकेट घट्ट बांधलेलं हवं आणि पाण्यात उतरल्यावर आधी तोंडावर, मानेवर पाणी घेऊन अंगाला सवय करायची. एखादा मुलगा उगाच चिडचिड करायला लागला, शब्द अडखळायला लागले, बोटांनी चेन लागेना, तर त्याला ‘बरा आहेस ना?’ विचारत बसू नका. तो ‘हो’च म्हणणार. बाहेर काढा, ओलं उतरवा, कोरडं घाला.

९ नवे आणि ३ जाणकार हा हिशोब लाटांत मला ओढाताणीचा वाटतो. नव्यांच्या दोन तुकड्या करा. एक पाण्यात, दुसरी काठावर कोरड्या कपड्यांत, आणि काठावरच्या प्रत्येकाला पाण्यातला एकजण नेमून दिलेला. तासाभराने अदलाबदल. बसून राहण्याची शिक्षा म्हणून हे सांगू नका, लाटा बघत राहिलं की त्या वाचायला शिकता येतं. पॅडल उभं धरलं की ‘या’, आडवं धरलं की ‘थांबा’, शिट्टी तीनदा म्हणजे सगळे बाहेर, एवढ्या खुणा पुरतात.

राहिला ग्रुप. तिथे पुन्हा प्रश्न विचारू नकोस. ‘जास्त होईल का?’ असं विचारलंस म्हणून हसरे चेहरे आले. बाराजण हसले म्हणजे बाराजणांना मोठ्या लाटांत जायचंय असं समजू नकोस, त्यांतले निम्मे नवे असतील आणि मनातून हादरलेले असतील. प्रमुख ठरला की त्याच्याशी बोलून असं काहीतरी टाक:

‘मंडळी, सहल होतेय. पाण्यावरचा प्रमुख अमुक, दोन्ही दिवस त्याचा शब्द शेवटचा. शनिवारी वारा जमिनीकडून आहे, म्हणून खाडीत वरच्या बाजूला जातोय, समुद्रावर नाही. रविवारी नव्यांसाठी आडोशाचा किनारा. तिथेही लाट कंबरेच्या वर असेल तर नवे लाटांत जाणार नाहीत, खाडीत परत जाऊन उलटण्याचा आणि सुटकेचा सराव करू. सीनियरना मोठ्या लाटा हव्या असतील तर नवे पाण्याबाहेर आल्यावर, आणि कमीत कमी दोघे मिळून. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा अंदाज बघून प्रमुख आणि मी कळवू. कुणालाही कुठल्याही क्षणी पाण्यात उतरायचं नसेल तर फक्त “आज नाही” म्हणायचं, कारण विचारलं जाणार नाही.’

बघ, यात तू ‘नको’ म्हणतच नाहीस. आकडा म्हणतो, आणि तो सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. शेवटची ओळ वगळू नकोस, त्या मुलासाठी ती आहेच, पण नुसत्या त्याच्यासाठी नाही. आणि हा निरोप वाचून सीनियरने पुन्हा विनोद केला तर उत्तर देऊ नकोस. प्रमुखाला देऊ दे. त्यासाठीच तो प्रमुख.

पैसे भरलेत म्हणून जायचं, हा मुद्दा कुणीतरी काढेलच. पैसे गेले ते गेले, लाटेला पावती दाखवता येत नाही. मात्र राहण्याच्या जागेला आणि गाडीवाल्याला आजच फोन करून विचार की शुक्रवारी रद्द करावं लागलं तर किती परत मिळतील. आकडा हातात असला की ओरडा निम्मा होतो. क्लबच्या पदाधिकाऱ्यांपैकी एकाला, जो सहलीला येत नाहीये, तुमचा बेत लिहून दे: कुठे उतरणार, किती जण, किती वाजता बाहेर, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने कुणाला कळवायचं. लाइम बेच्या दिवशी मुलं परतली नाहीत तरी मदतीची हाक उशिरा गेली होती.

आणि परतीची गाडी कोण चालवणार, हेही ठरव. शनिवारी रात्री सगळे जागणार, त्याला माझा विरोध नाही, पण रविवारी दिवसभर लाटा खाऊन पुन्हा रात्री चार तास गाडी चालवणाऱ्याने तरी जागायचं नाही आणि प्यायचंही नाही. १७ तास सलग जागा असलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढी मंदावते, हे १९९७ साली मोजून दाखवलेलं आहे. दोन चालक ठेव. छपरावरच्या कयाकचे पट्टे निघताना तपासलेस तरी पहिल्या थांब्यावर उतरून पुन्हा ओढून बघायला सांग, ओले पट्टे वाटेत सैल होतात.

– ताई